कूलर काढला का जी?

मार्चचा दुसरा आठवडा लागला की आमच्या मूलमध्ये माणसं एकमेकांची खुशाली विचारायचं सोडून देतात. त्याऐवजी विचारतात, "कूलर काढला का जी?" उत्तर "काढला" असं आलं तर विचारणारा नाराज होतो, कारण त्याने काढलेला नसतो. "नाही काढला" असं आलं तर तो खूश होतो, चहा पाजतो, आणि मग दोघं मिळून ज्यांनी कूलर काढलेत त्यांच्या घाईला नावं ठेवतात. "आत्ताच कायले? रातच्याले तं अजून गोधडी लागते." त्या रात्री दोघांपैकी कोणालाही गोधडी लागलेली नसते.

मूल कुठे आलं, असं विचारणाऱ्यांसाठी सांगतो. चंद्रपूरहून गडचिरोलीला निघालात की वाटेत लागतं. रेल्वेनं आलात तर ‘मूल मारोडा’ असं स्टेशन लागेल. उन्हाळ्यात तापलेल्या गावांची यादी बातम्यांत येते तेव्हा चंद्रपूर आणि ब्रह्मपुरी ही नावं हटकून वर असतात. मे २०१९ च्या अखेरीस चंद्रपूरचा पारा ४८ च्या घरात गेला होता. मूलचं नाव त्या यादीत नसतं, आणि आम्हाला त्याचं वाईटही वाटत नाही. चंद्रपूरहून ब्रह्मपुरीला जाणारी रेल्वे मूलवरूनच जाते. दोन पेटत्या चुलींच्या मधोमध ठेवलेला गंज किती तापला, हे पाहायला थर्मामीटर लागत नाही. (गंज म्हणजे आमच्याकडे पातेलं. लोखंडाला चढतो तो गंज पुढे येणार आहे, भरपूर येणार आहे.)

कूलर काढायचा मुहूर्त पंचांगात मिळत नाही, तो जंगलात असतो. मोहफुलं पडायला लागतात, भल्या पहाटे बायामाणसं टोपल्या घेऊन झाडांखाली जातात, वेचलेली फुलं अंगणात वाळत पडतात आणि सगळ्या गल्लीला तो गोडसर, थोडा आंबूस वास येतो. त्याच आठवड्यात कधीतरी दुपारी पंखा गरम हवा फेकायला लागतो. घरातलं कोणीतरी वर बघतं. काही बोलत नाही. पण सगळ्यांना कळतं की आता जिन्याखाली जावं लागणार.

आमचा कूलर पत्र्याचा आहे, नागपूरहून आणलेला, छातीइतका उंच. दिवाळीच्या साफसफाईत तो खिडकीतून निघतो आणि जिन्याखाली जातो. मार्चमध्ये बाहेर येतो. मधल्या काळात त्याच्यात कोण कोण नांदून जातं याची नोंद ठेवली असती तर जैवविविधतेचा एक अहवाल झाला असता. एका वर्षी उंदरीणबाईंनी बाजूच्या ताटीतल्या लाकडाच्या किसात बाळंतपण उरकलं होतं. एका वर्षी पंख्याच्या जाळीत गांधीलमाश्यांचं घर निघालं, आणि ते कोणी काढायचं यावर घरात इतकी चर्चा झाली की एप्रिल उजाडला. मुलीचा हरवलेला कंपास त्यातूनच निघाला. ती तोपर्यंत कॉलेजात गेली होती.

कूलर अंगणात आणला की पहिली तपासणी टाकीची. टाकीला भोक आहे का, हे पाहायची आमची घरगुती पद्धत अशी: तळाची मोकळी टाकी सोडवायची, दोन्ही हातांनी डोक्यावर उलटी धरायची आणि उन्हाकडे तोंड करून आतून वर पाहायचं. मागच्या वर्षी मला सप्तर्षी दिसले. मुलाला बोलावून दाखवले, तर तो म्हणाला, "बाबा, ध्रुव पण आहे." ध्रुवाला एम-सील लावलं. सप्तर्षींना एम-सील पुरेना, म्हणून आतून डांबर फासलं. डांबर फासणं हा आमच्या भागातला कूलरचा अंत्यसंस्कार नाही, तो पुनर्जन्म आहे. एकेका टाकीवर डांबराचे इतके थर असतात की पुढे पुढे पत्रा नावापुरता राहतो आणि पाणी डांबराच्याच भांड्यात साठतं.

मग पाइप. वरच्या चौकटीत भोकं पाडलेला जो पाइप फिरतो, तो घरातला सगळ्यात दुर्लक्षित अवयव. पाणी उडून जातं पण पाण्यातला क्षार उडत नाही. तो पाइपच्या भोकांत, पंपाच्या फिरकीत, ताटीच्या तळाशी पांढरा होऊन बसतो. भोक बुजलं की त्याच्या खालचा ताटीचा पट्टा कोरडा राहतो, आणि बाहेरची लू त्या पट्ट्यातून राजरोस आत येते. आपण मात्र महिनाभर पंख्याला शिव्या देत बसतो. हे काम आमच्याकडे बायकोकडे आहे. तिनं मागितलेलं नाही, ते तिच्याकडे आलं. ती ओट्यावर बसते, पाइप मांडीवर आडवा घेते आणि गोधडी शिवायच्या सुईनं एकेक भोक टोकरते. टोकरलं की फुंकर मारते, पांढरी भुकटी उडते, डोळा बारीक करून आरपार पाहते, मग पुढचं. एकूण छत्तीस भोकं. मी एकदा म्हणालो, "एवढं कशाला, पाण्याच्या जोरानं उघडतील." तिनं सुई माझ्यापुढे धरली. तेव्हापासून मी त्या वेळेला डांबर आणायला बाजारात जातो.

आता मिस्त्री. फेब्रुवारीपर्यंत चौकात चहा पिताना "काकाजी, काही काम असन तं सांगा जी" म्हणणारा हाच गडी मार्चमध्ये फोन उचलत नाही. उचललाच तर "निघालोच" म्हणतो. पाठीमागून कोणाच्या तरी घरातल्या कूलरची घरघर ऐकू येते आणि एक बाई त्याला "भाऊ, आता आलेच तं स्वयंपाकघरातला पंखा बी पाहून घ्या" असं म्हणताना ऐकू येते. तेवढ्यावरून आपण ओळखायचं की तो आज येत नाही.

तो येतो तेव्हा मात्र बघण्यासारखं असतं. आधी पंख्याची पाती एका बोटानं फिरवतो आणि मान तिरकी करून ऐकतो. पाती किती वेळ फिरली यावर त्याचा चेहरा ठरतो. आमची पाती एक वळसा घेऊन थांबली.

"बुश गेलं."

"गेलं म्हणजे?"

"गेलं म्हंजे गेलं जी. आता येत नाई."

मग बटण दाबलं. पंखा "ऊंऽऽ" करून जागीच कण्हत राहिला. यावर आमच्याकडे जुना उपाय होता. खराट्याची एक जाड काडी खिडकीला टांगलेली असायची. जाळीतून काडी घालून पातीला ढोस मारली की पंखा निघायचा. तीन उन्हाळे आम्ही त्या काडीवर काढले. पाहुणे आले की मी मुलाला म्हणायचो, "काडी लाव रे," आणि पाहुण्यांना वाटायचं उदबत्तीबद्दल बोलतोय. मिस्त्रीनं काडी पाहिली, हातात घेतली आणि बाजूला ठेवली.

"कंडेन्सर गेला न जी तुमचा. शंभर रुपयांच्या आतली वस्तू आहे. तीन साल काडीनं फिरवला?"

यंत्राचं पुस्तक याला कॅपॅसिटर म्हणतं. कंडेन्सर म्हटलं की दुकानदार बरोबर वस्तू काढून देतो. पंख्याला सुरुवातीचा जो धक्का लागतो तो हा छोटा डबा देतो. तो मेला की धक्का काडीनं द्यावा लागतो आणि मोटर आतल्या आत तापत राहते. म्हणजे तीन वर्षं आम्ही शंभर रुपये वाचवून मोटर जाळायच्या तयारीला लागलो होतो. हे त्यानं सांगितलं तेव्हा बायको माझ्याकडे पाहत नव्हती. तिचं ते न पाहणं मला ऐकू येत होतं.

शेवटी त्यानं टाकीकडे पाहिलं. गंजाची लाल रेघ टाकीच्या आतून चारी बाजूंनी एकाच उंचीवर गेली होती, तलावाच्या पायरीवर पाण्याची खूण असते तशी.

"काकाजी, मागच्या साली पानी काढून ठेवलं होतं का?"

"हो."

"खरं सांगा."

"थोडं राहिलं असेल."

"थोडं पानी राहिलं, म्हनून आता टाकी थोडी राहिली." त्यानं पान्यानं टाकीला टक्‌ केलं, एक पापुद्रा निघाला. "कूलर उन्हाळ्यात बिघडत नाई जी. पावसाळ्यात बिघडते. तुम्हाले फक्त उन्हाळ्यात समजते."

हे वाक्य मला इतकं पटलं की मी लगेच ते स्वतःचं म्हणून चार ठिकाणी सांगितलं.

ताट्यांचं सांगायचं राहिलं. पूर्वी ताटी म्हणजे वाळ्याची, म्हणजे खसाची. वाळा हे गवताचं मूळ. त्यामुळे आमच्या गावाच्या नावावरून कोणी विनोद केला की मी सांगतो, आख्ख्या हिंदुस्थानाला मुळानंच थंड केलंय. ही थाप नाही. ‘आइन-इ-अकबरी’त अबुल फझलनं बादशहाच्या खसाच्या ताट्यांची नोंद करून ठेवली आहे: बांबूच्या चौकटीत खस भरायचं आणि त्यावर पाणी शिंपडायचं. इंग्रज आले, त्यांनी ताट्या उचलल्या आणि ‘टॅटी’ हा शब्दही इंग्रजीत नेला. पण ताटीतून वारा वाहायला आधी वारा सुटावा लागतो, आणि साहेबाला वाट बघायची सवय नव्हती. म्हणून एकोणिसाव्या शतकात त्यांनी खिडकीत एक यंत्र बसवलं. त्याचं नाव थर्मँटिडोट. ऐकायला तापावरच्या औषधासारखं वाटतं. प्रत्यक्षात ते धान उफणायच्या पंख्याचंच भावंड होतं. पंखा पेटीत बसवलेला, भोवती ओल्या ताट्या आणि दांडा फिरवायला बाहेर उन्हात एक माणूस. राइस मिलच्या गावात राहणाऱ्या मला हे वाचून फार बरं वाटलं. ज्या पंख्यानं आपण धानातला फोल उडवतो, त्याच पंख्यानं साहेबाच्या खोलीतली गरमी उडवली. त्या काळी पंप म्हणजे भिश्ती आणि मोटर म्हणजे तो दांडा फिरवणारा. त्याचं बुश कधी गेलं, हे कोणी लिहून ठेवलेलं नाही.

आता खस महाग झालं. बहुतेक घरांत वूडवूल असतं, म्हणजे लाकडाचा कीस, आणि नव्या कूलरमध्ये मधमाश्यांच्या पोळ्यासारखी पुठ्ठ्याची ताटी येते. पुठ्ठ्याची ताटी टिकते, धुता येते, पण तिला वास नाही. वूडवूलला पहिल्या दिवशी ओल्या लाकडाचा वास येतो. चौथ्या आठवड्यात शेवाळाचा येतो. आणि मे सरताना ज्या घरात अजून तीच ताटी आहे तिथे गेलं की आपण खोलीत आहोत की तळ्याच्या काठी, असा प्रश्न पडतो. ताटी भरतानाही कसब लागतं. कीस जास्त कोंबला तर वारा अडतो, कमी भरला तर पाणी ओघळतं आणि वारा कोरडाच आत येतो. मी भरलेली ताटी पंधरा दिवसांत बसते. बसते म्हणजे वरचा कीस खाली सरकतो आणि वर एक मोठी फट राहते. त्या फटीतून एकदा चिमणी आत आली आणि पंखा बंद होता म्हणून वाचली.

इतकी मशागत झाल्यावर बटण दाबलं, पाणी चढलं, ताट्या काळ्या पडल्या आणि पहिली गार झुळूक आली की त्या घरात जो आवाज निघतो तो मला शब्दांत मांडता येणार नाही. "हाऽऽश" च्या जवळपास असतो.

याच्यामागची करामत साधी आहे. एक लिटर पाणी उडून जाताना साधारण २४०० किलोज्यूल उष्णता घेऊन जातं, म्हणजे विजेच्या भाषेत युनिटच्या दोन तृतीयांश इतकी. आमचा कूलर मेच्या दुपारी तासाला दहा लिटर सहज पितो. पंखा आणि पंप मिळून वीज खातात दीड-दोनशे वॉट. इतक्या स्वस्तात इतकं गार करणारं दुसरं यंत्र माझ्या माहितीत नाही. अट एकच: हवा कोरडी हवी. ४५ अंश तापमान आणि १५ टक्के आर्द्रता असेल तर कितीही केलं तरी हवा २३-२४ च्या खाली येत नाही, पण बऱ्या ताटीनं खोली २९-३० वर येते. बाहेर भाजून निघालेल्या माणसाला ते महाबळेश्वर वाटतं.

आणि दुसरी अट, जिच्यावरून दर उन्हाळ्यात घरोघरी भांडणं होतात: समोरची खिडकी उघडी पाहिजे. कूलर बाहेरची हवा ओली करून आत ढकलतो. ती ओली हवा दुसरीकडून बाहेर गेली तरच नवी कोरडी हवा आत येणार. खिडकी बंद केली की खोलीचं इडलीपात्र होतं. हे आमच्या पुण्याच्या साडूभाऊंना सात वर्षं पटलं नाही. ते आले की पहिल्याच दिवशी घरभर फिरतात आणि सगळ्या खिडक्या लावत सुटतात.

"अहो, गार हवा सगळी बाहेर चालली!"

"जाऊ द्या. ती जायलाच आली आहे."

"वीजबिल कोण भरणार?"

"मीच भरतो, भाऊ. तुम्ही झोपा."

ते झोपत नाहीत. रात्री दोन वाजता मी जागा होतो तेव्हा खोलीत आषाढ उतरलेला असतो, चादर चिकटलेली असते, भिंतीवरच्या कॅलेंडरचा कागद फुगलेला असतो आणि साडूभाऊ बंद खिडकीखाली घामाघूम होऊन समाधानानं घोरत असतात. हवा कुठेही गेली नाही याचं ते समाधान. मी खिडकी उघडतो, ते उठून बंद करतात. पहाटेपर्यंत आमची ही सेवा चालते. शेवटी गेल्या वर्षी मी त्यांना चंद्रपूरच्या महाऔष्णिक वीज केंद्राचं उदाहरण दिलं. २९२० मेगावॅटचं केंद्र. तिथे गरम झालेलं पाणी कूलिंग टॉवरमध्ये वरून सोडतात, त्यातून हवा जाते, थोडं पाणी वाफ होऊन उडतं आणि उरलेलं गार होतं. म्हणजे आपल्या कूलरची वीज जिथं तयार होते, तिथंही शेवटी कूलरच लागतो. आणि त्या टॉवरचं तोंड वरून सताड उघडं असतं, कोणी साडूभाऊ त्याच्यावर झाकण ठेवत नाहीत. साडूभाऊ गप्प झाले. पण मला वाटतं, ते टॉवर किती मोठा असेल याचा विचार करत होते.

त्या केंद्रातला एक नेम मला फार आवडतो. तिथले संच वार्षिक दुरुस्तीला बहुधा पावसाळ्यात बंद ठेवतात, कारण तेव्हा विजेची मागणी उतरलेली असते. ज्याला कळतं तो हंगाम सरल्यावर यंत्र उघडतो. राइस मिलवालेही धान यायच्या आधीच पट्टे आणि चाळण्या बघून घेतात. शेतकरी पेरणी आटोपली की तिफण धुऊन पुसून छपराखाली टांगतो. आम्ही मध्यमवर्गीयांनी मात्र गरज पडल्यावरच वस्तूकडे पाहायचं असं व्रत घेतलंय. एका कचेरीचं सांगतो, नाव सांगत नाही. तिथले कूलर दुरुस्त करायचा अर्ज फेब्रुवारीत झाला. तीन दरपत्रकं मागवली. एप्रिलमध्ये दोन आली. तिसरं मेमध्ये आलं तेव्हा पहिल्या दोघांनी भाव वाढवले होते. मंजुरी आली त्या दिवशी कचेरीच्या छपरातून पाणी गळत होतं, आणि ते बरोबर कूलरच्या टाकीत पडत होतं. काम पूर्ण झालं, असा शेरा मारायला हरकत नव्हती.

इथे मध्येच एक गोष्ट हसू बाजूला ठेवून सांगतो, कारण ती हसण्यासारखी नाही. दर उन्हाळ्यात विदर्भात कूलरच्या करंटनं माणसं जातात, आणि त्यात लेकरं असतात. पत्र्याचा कूलर, ओली फरशी, अनवाणी पाय आणि कुठेतरी सोललेली एक वायर, एवढं पुरतं. "जरासा झिणझिणते जी, बाकी मस्त आहे," असं आमच्याकडे कौतुकानं सांगतात. झिणझिणणारा कूलर मस्त नसतो. महावितरण दर वर्षी कंठशोष करतं की अर्थिंग तपासा, गळती झाली की वीज तोडणारं उपकरण बसवा, पाणी भरायच्या आधी बटण बंद करून प्लग काढा. आमच्या घरी प्लग काढल्याशिवाय नळी हातात घ्यायची नाही, हा नियम कडक आहे. मिस्त्रीनं मागच्या वर्षी अर्थिंगची वायर नवी घातली आणि तिचे पैसे मी घासाघीस न करता दिले. हा माझ्या आयुष्यातला एकमेव प्रसंग.

तर मे येतो. तेंदूपत्त्याचा हंगाम सुरू होतो, नवतपा लागतो, आणि दुपारी बारा ते पाच गाव कूलरपुढे आडवं होतं. आमच्या गावाजवळच सोमनाथ आहे, बाबा आमट्यांचा प्रकल्प. तिथे ऐन मे महिन्यात श्रमसंस्कार छावणी भरते. पुण्या-मुंबईकडची कॉलेजची पोरं-पोरी येतात आणि कुदळ-फावडी घेऊन राबतात. ती पोरं बसमधून उतरताना दिसली की मला कूलरपुढे बसायची लाज वाटते. मग मी पाठ फिरवून बसतो. पाठीलाही वारा लागतो. ताडोब्यातला वाघ मात्र आमच्यातलाच. उन्हं चढली की तो पाणवठ्यात उलट्या पावली शिरतो, आधी शेपूट, मग मागचे पाय, आणि गळ्यापर्यंत बुडून डोळे मिटतो. त्या पाणवठ्यांतही उन्हाळ्यात वन विभागाला पाणी भरावं लागतं. म्हणजे टाकी भरायची कटकट त्याच्याही मागे आहे, फक्त ती दुसरा कोणी करतो. वाघ असण्याचा हाच फायदा.

मग जूनच्या मध्याला कधीतरी पाऊस येतो. पहिल्या सरीला सगळे अंगणात येतात. आणि तिथून पुढचे पंधरा दिवस आमच्या माणसांचं वागणं मला अजून उलगडलेलं नाही. हवेत ओल भरलेली, पाणी उडायला जागाच नाही, तरी कूलर चालूच. खोलीत दमट वारा घुमतो, मीठ पाझरतं, पापड वाकतात, माणसं घामानं निथळतात आणि म्हणतात, "आज कूलर काम नाई करून राहिला." तो काम करतोच आहे. पाण्याची मशीन ढगाशी स्पर्धा करू शकत नाही. मग कोणीतरी पंप बंद करून नुसता पंखा चालवतो. मग तोही बंद होतो. आणि त्या दिवशी, अगदी त्याच दिवशी, जे काम करायला हवं असतं ते असं: टाकी रिकामी करायची, घासायची, कोरडी पुसायची, ताट्या काढून उन्हात नाहीतर वाऱ्याला ठेवायच्या, पंप धुऊन डब्यात, पंख्याला थोडं तेल, आणि वर झाकण. एका माणसाचं दीड तासाचं काम. मिस्त्रीचं वाक्य आठवून मी यंदा ठरवलं होतं, जूनमध्येच करायचं.

जूनमध्ये रोवणीची गडबड. माझ्याकडे शेती नाही, पण गडबड असतेच. जुलैत पाऊस लागून राहिला. लागून राहिलेल्या पावसात टाकी कशी वाळणार? ऑगस्टमध्ये कूलरच्या डोक्यावर कपडे वाळत टाकायची सोय झाली आणि ती सोय मोडावी असं कोणालाच वाटेना.

परवा पोळ्याच्या दिवशी सकाळी गल्लीत बैलांच्या घुंगरांचा आवाज होता. खांदे शेकलेले, शिंगं रंगवलेली, पाठीवर झुली. वर्षभर राबलेल्या जनावरांना न्हाऊमाखू घालून माणसं तोरणाखाली नेत होती. मी दारात उभा राहून कौतुक करत होतो. तेवढ्यात आरोग्य खात्याच्या आशाताई आल्या, हातात बॅटरी आणि वही.

"काकाजी, पाण्याची भांडी पाहू द्या जी."

भांडी पाहिली, फ्रिजच्या मागचा ट्रे पाहिला, कुंड्या पाहिल्या. सगळं निर्मळ. मला अभिमान वाटला. मग त्या मागच्या बाजूला गेल्या आणि कूलरच्या टाकीत बॅटरी मारली. चार बोटं पाणी होतं. त्यात बारीक बारीक स्वल्पविराम वळवळत होते.

"कोरडा दिवस पाळता न?"

"पाळतो. घरातला पाळतो."

त्यांनी शांतपणे सांगितलं, मी शांतपणे ऐकलं. डेंग्यूचा डास पाण्यात नाही, पाण्याच्या काठाला अंडी चिकटवतो. अंडं कोरडं पडलं तरी महिनोन्‌महिने जगतं आणि पुन्हा पाणी लागलं की फुटतं. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात, म्हणून आठवड्यातून एकदा टाकी रिकामी करायची. नुसतं पाणी ओतून भागत नाही, काठ घासावा लागतो. म्हणजे मिस्त्रीनं दाखवलेली ती लाल रेघ फक्त गंजाची नव्हती. तो डासांच्या पाळणाघराचा पत्ता होता.

मी तिथल्या तिथे टाकीचं बूच काढायला गेलो. बूच गंजलं होतं, निघालं नाही. मग मग्यानं पाणी उपसलं, जमेल तितकं. तळाशी हात पोचला नाही, म्हणून थोडं राहिलं.

आशाताईंनी वहीत नोंद केली आणि जाता जाता भिंतीवर खडूनं तारीख टाकली. तारखेखाली लिहिलं ‘कूलर १’, आणि त्याच्यापुढे अधिकचं एक मोठं चिन्ह काढलं. येणाऱ्या-जाणाऱ्यांना दिसतं. काल शेजारच्या भाऊंनी ते वाचून मोठ्यानं विचारलंही, "काय जी, कूलर नाई काढला का अजून?"

ते चिन्ह पुसून टाकायचं आहे. पण ते बरोबर कूलरच्या वरच्या बाजूला भिंतीवर आहे; नीट हात पोचायचा तर आधी कूलर काढावा लागेल.